रक्तदान की रक्तमोक्षण?

रक्ताला आयुर्वेदाने जो मान दिला, तो अन्य वैद्यकांत क्वचितच आढळेल. सुश्रुताचार्यांनी रक्ताला देहाचे मूळ मानले आणि वात, पित्त, कफ यांच्या जोडीला शोणिताचा चौथा म्हणून उल्लेख केला. रक्त प्रयत्नपूर्वक राखावे असे सांगणाऱ्या याच आचार्यांनी दुष्ट रक्त काढून टाकण्याचा विधीही तितक्याच तपशिलाने सांगितला आहे. केव्हा राखावे आणि केव्हा काढावे, हा विवेक वैद्याने करावयाचा असतो. हा विवेक आपल्या हातून सुटत चालला आहे की काय, अशी शंका यावी असे काही प्रसंग अलीकडे आमच्या चिकित्सालयात घडले. म्हणून हा लेखप्रपंच.

सिडको भागातील एक सव्वीस-सत्तावीस वर्षांचा तरुण आईसमवेत आमच्याकडे आला. भरदार खांदे, दंडावर दोरखंडासारख्या उठलेल्या शिरा, चेहरा व डोळे लालबुंद. तक्रार डोके जड राहण्याची, कानांत आवाज येण्याची आणि रात्री झोप न लागण्याची. आई म्हणाली, “डॉक्टर, याला उष्णता झालीय, काहीतरी थंड द्या.” नाडी, जिव्हा पाहून झाल्यावर आम्ही रक्ततपासणीचा कागद मागितला. हिमोग्लोबीन १९ ग्रॅम, हिमॅटोक्रिट ५७ टक्के. आईला क्षणभर बाहेर बसवून विचारले, तेव्हा त्याने मान खाली घालून सांगितले की आठ महिन्यांपासून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने चालू आहेत. त्याच्या भाषेत ‘कोर्स’ चालू आहे. आणि पुढे त्याने जे सांगितले त्याने आम्ही अधिक अस्वस्थ झालो. “काळजीचं कारण नाही, डॉक्टर. ट्रेनरनं सांगितलंय, रक्त घट्ट झालं की शिबिरात जाऊन रक्तदान करायचं. पाच महिन्यांत तीनदा केलंय. डोकं हलकं होतं, पुण्यही मिळतं.”

त्याच्या पाकिटात तीन वेगवेगळ्या शिबिरांची तीन प्रमाणपत्रे होती. एकाही ठिकाणी त्याने इंजेक्शनांविषयी सांगितले नव्हते. आधीच्या रक्तदानाची तारीखही खरी सांगितली नव्हती.

हा एकच तरुण असता तर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु त्यानंतर आम्ही आमच्याकडे येणाऱ्या व्यायामपटूंना हा प्रश्न मुद्दाम विचारू लागलो, आणि हीच युक्ती निरनिराळ्या तोंडून ऐकावयास मिळाली. आमच्या काही स्नेही वैद्यांनीही अशा तरुणांचे सिरावेध केल्याचे बोलण्यात आले. तेव्हा या प्रश्नाचा शास्त्रदृष्ट्या व व्यवहारदृष्ट्या नीट विचार होणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते.

रक्त का वाढते?

टेस्टोस्टेरॉन व तत्सम संप्रेरकांनी रक्त वाढणे हा अपघात नव्हे. तो त्या द्रव्याचा स्वाभाविक गुण आहे. वयात येताना मुलग्यांचे हिमोग्लोबीन मुलींपेक्षा वर चढते ते याच संप्रेरकामुळे. मूत्रपिंडाच्या विकारातील पांडुतेसाठी कृत्रिम एरिथ्रोपोएटीन १९८९ साली उपलब्ध झाले. त्यापूर्वी नँड्रोलोनसारखी औषधे याच कामासाठी दिली जात असत. हे संप्रेरक एरिथ्रोपोएटीनची पातळी वाढविते, त्याचप्रमाणे यकृतात तयार होणाऱ्या हेप्सिडीन या द्रव्याला दाबते. हेप्सिडीन हा लोहाच्या कोठाराचा द्वारपाल. तो बाजूला झाला की आतड्यांतून व साठ्यातून लोह मोकळेपणी अस्थिमज्जेकडे जाते आणि तांबड्या पेशींची निर्मिती वेग घेते.

वैद्यकीय गरजेपोटी, म्हणजे वृषणांची शक्ती खरोखर क्षीण झालेल्या रुग्णांस, हे संप्रेरक मोजून दिले जाते. तेथेही नियम कडक आहेत. अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीच्या २०१८ च्या मार्गदर्शनाप्रमाणे उपचारापूर्वी, नंतर तीन ते सहा महिन्यांनी व पुढे दरवर्षी हिमॅटोक्रिट तपासावयाचे असते. ते ५४ टक्क्यांच्या वर गेल्यास औषध थांबवावयाचे असते. व्यायामशाळेतील ‘कोर्स’मध्ये मात्रा याच्या कितीतरी पट असते, दोन-तीन द्रव्ये एकत्र घेतली जातात आणि तपासणी बहुधा कोणीच करीत नाही. भरीस भर म्हणून स्पर्धेच्या आधी शिरा उठून दिसाव्यात यासाठी पाणी तोडले जाते, मूत्रल औषधे घेतली जातात. पेशी वाढलेल्या असताना त्यांना वाहून नेणारा द्रवही आटला, तर रक्ताचे काय होणार? मोहम्मद बेनाझिझा हा नामांकित शरीरसौष्ठवपटू १९९२ साली नेदरलँड्समधील स्पर्धा जिंकल्यानंतर काही तासांतच मरण पावला. त्याच्या मृत्यूशी मूत्रल औषधांचा संबंध जोडला गेला, आणि त्या क्षेत्रात तो आजही इशारा म्हणून सांगितला जातो.

घट्ट रक्ताची भीती काल्पनिक नाही. वैद्यकीय देखरेखीखाली टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या पुरुषांचा एक मोठा अभ्यास २०२२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. ज्यांचे हिमॅटोक्रिट ५२ टक्के वा त्याहून वर गेले, त्यांच्यात पहिल्याच वर्षी हृदयविकार, पक्षाघात व शिरांतील गुठळ्या यांचे प्रमाण अधिक आढळले. देखरेखीखाली ही स्थिती, तर चोरून घेणाऱ्यांची काय असेल?

हिशेब मांडून पाहू

आता या ‘रक्तदानाच्या उपाया’चा साधा हिशेब करू. नव्वद किलो वजनाच्या पुरुषाच्या शरीरात सुमारे सव्वासहा लिटर रक्त असते. शिबिरात ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त काढतात, म्हणजे एकूण रक्ताच्या साडेपाच ते सात टक्के. एक-दोन दिवसांत द्रवभाग भरून निघतो आणि १९ ग्रॅमचे हिमोग्लोबीन साधारण १८ वर येते. म्हणजे रक्तदान करूनही ते उंचच राहिले. ते १६ पर्यंत आणावयाचे तर लागोपाठ किमान तीन पिशव्या काढाव्या लागतील. आपल्याकडील नियमानुसार पुरुषास दोन रक्तदानांत ९० दिवसांचे अंतर ठेवावे लागते. नियम पाळून तीन रक्तदाने करावयाची तर सहा महिने लागतात. आणि त्या सहा महिन्यांत इंजेक्शन चालू असल्याने मज्जा नव्या पेशी ओततच राहते. तोटी उघडी ठेवून तांब्याने हौद उपसण्याचा हा प्रकार आहे. म्हणूनच हे तरुण तारखा लपवून या शिबिरातून त्या शिबिरात फिरतात. खोटे बोलणे हा या उपायाचा अपघाती दोष नाही. खोटे बोलल्याखेरीज हा उपाय चालूच शकत नाही.

कॅनडामध्ये टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या रक्तदात्यांचा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. पुन्हा पुन्हा रक्तदान करूनही त्यांच्यापैकी पुष्कळांचे हिमोग्लोबीन उंचच राहिले, हा त्याचा निष्कर्ष वरील हिशेबाशी जुळतो. रक्त काढल्याने या व्यक्तींमधील गुठळ्यांचा धोका कमी होतो, असे सिद्ध करणारा भक्कम पुरावाही आजवर पुढे आलेला नाही.

दुसरा हिशेब लोहाचा. एक ग्रॅम हिमोग्लोबीनमध्ये सुमारे ३.४ मिलिग्रॅम लोह असते. १९ ग्रॅमच्या रक्ताची ४५० मिलिलिटरची एक पिशवी गेली की जवळजवळ २९० मिलिग्रॅम लोह गेले. आहारातून रोज एक ते दोन मिलिग्रॅम लोहच शरीरात शोषले जाते. तीन-चार पिशव्यांत साठा रिकामा होतो. मग थकवा, धाप, केस गळणे, व्यायामात दम न टिकणे अशा तक्रारी सुरू होतात. हिमोग्लोबीन उंच आणि लोह मात्र क्षीण, असे विचित्र चित्र कागदावर दिसते. आणि इथेच आपल्या औषधालयांचा संबंध येतो. तरुण दुकानात येऊन ‘अशक्तपणा’ सांगतो. आपण लोहभस्म, मंडूर किंवा नवायस लोह देतो. इंजेक्शनाने चेतवलेल्या मज्जेला नेमके जे कमी पडत होते तेच आपण पुरविले, आणि हिमॅटोक्रिट पुन्हा उसळले. एका हाताने रक्त काढावयाचे व दुसऱ्या हाताने लोहकल्प द्यावयाचे, हे वैद्यकाचे हसे आहे. रक्ततपासणी पाहिल्याशिवाय व्यायामपटूला लोहकल्प देऊ नये, एवढा एक नियम जरी प्रत्येक औषधालयाने पाळला तरी पुष्कळ अनर्थ टळेल.

ज्याला ते रक्त मिळते, त्याचे काय?

“माझे रक्त जास्त आहे, दुसऱ्याला उपयोगी पडते, यात वाईट काय?” असा प्रश्न त्या तरुणाने आम्हांस केला. प्रश्न भाबडा आहे, परंतु टाळण्याजोगा नाही.

आपल्या नाशिकात शिवजयंती, आंबेडकर जयंती, गणेशोत्सव अशा निमित्तांनी मंडळे उत्साहाने रक्तदान शिबिरे भरवितात, आणि रक्तदानाच्या कार्यात महाराष्ट्र देशात पुढे आहे. ही परंपरा सहज उभी राहिलेली नाही. एके काळी देशात पैसे घेऊन रक्त विकणाऱ्यांचा धंदा चालत असे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिलेल्या निर्णयानंतर १ जानेवारी १९९८ पासून व्यावसायिक रक्तदात्यांवर बंदी आली. २००२ साली राष्ट्रीय रक्त धोरण आले. या सर्वांमागील सूत्र एकच होते. जो दाता निरपेक्ष असतो त्याला आपल्या प्रकृतीविषयी खोटे सांगण्याचे कारण नसते, म्हणून त्याचे रक्त अधिक सुरक्षित. स्वतःचे डोके हलके करण्यासाठी आलेल्या दात्याला मात्र खोटे सांगण्याचे कारण आहे. पैसे न घेताही तो निरपेक्ष राहिलेला नाही.

व्यायामशाळेतील इंजेक्शने कोण देतो, कशा सुईने देतो, एकाच कुपीतून किती जण औषध ओढतात, हे आपण जाणतोच. सुया वा कुप्या सामायिक झाल्या की कावीळ ब, कावीळ क व एचआयव्ही यांचा प्रसार होऊ शकतो. रक्तकेंद्रात प्रत्येक पिशवीची तपासणी होते हे खरे. परंतु संसर्गानंतरच्या पहिल्या काही दिवसांत अथवा आठवड्यांत तपासणीला तो सापडत नाही, असा एक आंधळा काळ असतो. या काळात पिशवी सुरक्षित ठेवणारी एकच गोष्ट म्हणजे दात्याने प्रश्नावलीला दिलेले खरे उत्तर. ब्रिटनमध्ये दात्यांना इंजेक्शनाने घेतलेल्या मादक द्रव्यांविषयी विचारताना शरीरसौष्ठवासाठी घेतलेल्या औषधांचा स्पष्ट उल्लेख केला जातो, तो याचसाठी. अमेरिकेत वैद्यकीय चिठ्ठीने टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांचे रक्त विशेष परवानगीने स्वीकारले जाते. परंतु तेथेही तांबड्या पेशी तेवढ्या वापरतात, द्रवभाग व बिंबिका वापरीत नाहीत. म्हणजे जेथे मुभा आहे तेथेही ती उघड सांगणाऱ्याला आहे, लपविणाऱ्याला नाही.

आपल्या शिबिरांत हा दाता सहसा पकडला जात नाही. दात्याच्या बोटातील रक्ताचा थेंब मोरचुदाच्या द्रावणात टाकतात. तो बुडाला की हिमोग्लोबीन १२.५ ग्रॅमच्या वर आहे असे धरतात आणि दाता पात्र ठरतो. ही कसोटी रक्त कमी आहे काय, एवढेच सांगते. ते फाजील आहे काय, हे ती सांगत नाही. १९ ग्रॅमवाल्याचा थेंब तर सर्वांत आधी बुडतो! आणि समोरचा पिळदार देह पाहून स्वयंसेवकाला वाटते, असा दाता शोधूनही मिळणार नाही.

ती पिशवी शेवटी जाते कोणाकडे? दर तीन-चार आठवड्यांनी रक्त घेऊन जगणाऱ्या थॅलेसेमियाच्या बालकाकडे, अतिरक्तस्राव झालेल्या बाळंतिणीकडे, रस्त्यावरील अपघातात सापडलेल्याकडे. त्यांना पिशवी नाकारण्याची सोय नसते.

शास्त्र काय म्हणते?

आता आपल्या शास्त्राकडे वळू. काही वैद्यबंधू म्हणतात, “रक्तदान नको तर नको, आपण सिरावेध करू. रक्तवृद्धीत रक्तमोक्षण शास्त्रोक्तच आहे.” या म्हणण्यात तथ्यांश आहे. सुश्रुतांनी रक्तवृद्धीची लक्षणे सांगताना अंग व नेत्र यांची आरक्तता आणि सिरांची पूर्णता सांगितली आहे. आमच्यासमोर बसलेल्या त्या तरुणाचे जणू ते शब्दचित्रच होते. रक्तमोक्षणाने त्याचे डोके हलके होते, हाही अनुभव खरा आहे.

परंतु शास्त्र अर्धे वाचून चालत नाही. पहिली गोष्ट, कोणत्याही चिकित्सेचा आरंभ निदानपरिवर्जनाने होतो. हेतू चालू ठेवून दोष काढीत राहणे ही चिकित्सा नव्हे, ती हेतूची सेवा झाली. दुसरी गोष्ट, सुश्रुतांनी सिरावेधास अयोग्य व्यक्तींची यादी दिली आहे. तीत क्षीण, परिश्रांत व कर्शित यांचा समावेश आहे. स्पर्धेच्या तोंडावर पाणी तोडलेला, अन्न मोजून खाणारा, दिवसातून दोनदा वजने उचलणारा तरुण दिसावयास बलवान असला तरी त्या दिवशी तो याच यादीत बसतो. तिसरी गोष्ट, प्रमाण. बलवान, बहुदोष व प्रौढ व्यक्तीमध्येही एक प्रस्थ ही परम मर्यादा सांगितली असून रक्तमोक्षणात हा प्रस्थ साडेतेरा पलांचा धरतात. चौथी गोष्ट, पश्चात्कर्म. रक्त काढल्यानंतर अग्नीचे रक्षण करावे, अन्न लघु व दीपनीय असावे, असे चरकाचार्य विधिशोणितीय अध्यायात बजावतात. शिबिरातून निघून तासाभरात पुन्हा व्यायामशाळेत जाणाऱ्याला हे कोण सांगणार?

जलौकावचारणाने हे काम होईल असे मानणाऱ्यांसाठी एक आकडा पुरेसा आहे. एक जळू साधारण ५ ते १५ मिलिलिटर रक्त शोषते. स्थानिक विकारात तिचे मोल फार मोठे आहे. परंतु सर्वदेहगत रक्तवृद्धी तिच्याने हटणार नाही.

व्यायामाविषयी तर आपल्या आचार्यांनी जे सांगितले ते आज प्रत्येक व्यायामशाळेच्या भिंतीवर लिहावे असे आहे. व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा; अतिव्यायामाने तृष्णा, क्षय, रक्तपित्त, श्वास असे विकार होतात; हत्तीला ओढू पाहणारा सिंह जसा नाश पावतो तसा मर्यादा सोडणारा मनुष्य नाश पावतो, असा त्यांचा दृष्टांत आहे. आजच्या सिंहाने हत्ती ओढता यावा म्हणून इंजेक्शन घेतले आहे, एवढाच फरक.

आमची चूक

हे सर्व लिहिण्याचा अधिकार आम्हांस आहे काय, असे कोणी विचारील, म्हणून आमच्याच हातून घडलेली एक गोष्ट सांगतो. सुमारे बारा वर्षांपूर्वी एक शरीरसौष्ठवपटू आमच्याकडे मुखदूषिका व शिरःशूल घेऊन आला. आम्ही रक्तप्रदोषज विकार ठरविला, शरद ऋतू होताच, सिरावेध केला. त्याला उत्तम बरे वाटले. सहा महिन्यांत त्याने आमच्याकडून तीनदा रक्त काढून घेतले आणि आपल्या मित्रांना आमचे नाव सांगितले. आम्हांस आनंद झाला, किंचित अभिमानही वाटला. तो संप्रेरके घेत असेल असा प्रश्न आम्ही त्याला एकदाही विचारला नाही. मुखदूषिका, आरक्तता, चिडचिड, अनिद्रा ही सारी एकाच सूत्रात ओवलेली लक्षणे समोर असताना आम्ही फक्त पित्त व रक्त पाहिले.

चौथ्या वेळी तो आला नाही. त्याचा भाऊ आला. डाव्या पोटरीत गुठळी होऊन तिचा अंश फुप्फुसात गेला होता आणि तो अतिदक्षता विभागात होता. तो वाचला. परंतु इंजेक्शने चालू आहेत ही गोष्ट प्रथम तेथील डॉक्टरांनी विचारून काढली, आणि ती आम्ही सहा महिने आधी विचारावयास हवी होती. आमच्या सिरावेधाने त्याला गुठळी झाली असे नव्हे. आमच्या सिरावेधाने त्याला हलके वाटत राहिले, आणि हलके वाटत असल्याने त्याने इंजेक्शन सोडले नाही. आमचा अपराध हा आहे.

या प्रसंगाने आम्हांस आणखी एक धडा दिला. वाढलेले प्रत्येक हिमोग्लोबीन संप्रेरकानेच वाढलेले असते असेही नाही. धूम्रपान, झोपेत श्वास अडकण्याचा विकार, जुनाट फुप्फुसविकार यांनीही ते वाढते. पॉलिसायथेमिया व्हेरा या मज्जेच्या व्याधीतही ते वाढते. तिच्या निदानासाठी जॅक-२ ही जनुकचाचणी आज उपलब्ध आहे. त्या व्याधीत रक्त काढणे हा मान्य उपचार आहे, आणि हिमॅटोक्रिट ४५ टक्क्यांच्या खाली ठेवण्याचा लाभ २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखविला आहे. परंतु ते तज्ज्ञाच्या देखरेखीखाली करावयाचे असते. निदान न करता मधूनमधून रक्त काढीत राहिल्यास खरी व्याधी झाकली जाते.

मग करावे काय?

समाधानाची बाब ही की या स्थितीवरचा मुख्य उपाय साधा आहे. इंजेक्शन थांबले की मज्जेवरील चाबूक थांबतो. तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. काही महिन्यांत रक्त आपोआप उतरू लागते. नेदरलँड्समधील शंभर संप्रेरकसेवी पुरुषांचा जो पाठपुरावा ‘हार्लेम’ अभ्यासात केला गेला, त्यातही औषध सुटल्यावर बहुतेक बिघाड परतीच्या वाटेला लागल्याचे दिसले. मात्र हे थांबविणे सोपे नसते. बाहेरून संप्रेरक मिळत असल्याने शरीराची स्वतःची निर्मिती निजलेली असते. शुक्रजंतू घटलेले असतात. औषध सुटल्यावर काही महिने ग्लानी, नैराश्य, मैथुनेच्छेचा अभाव जाणवतो, आणि याच काळात तरुण पुन्हा सुईकडे वळतो. येथे वैद्याचे खरे काम आहे. संप्रेरकतज्ज्ञाच्या सल्ल्याबरोबर त्या तरुणाला धीर देणे, निद्रा व आहार सावरणे, व्यायाम अर्ध्या शक्तीवर आणणे, त्याच्या मातापित्यांना विश्वासात घेणे हे आपण उत्तम करू शकतो. रसायन व वाजीकरण यांची योजना करावयाची तर ती याच टप्प्यावर, इंजेक्शन सुटल्यानंतर आणि रक्ततपासणी पाहून.

या सर्वांचा विचार करून आमच्या व्यवसायबंधू-भगिनींना व औषधालय-चालकांना पुढील सूचना नम्रपणे कराव्याशा वाटतात.

१. मुखदूषिका, आरक्तता, शिरःशूल, अनिद्रा घेऊन येणाऱ्या प्रत्येक व्यायामपटूस एकांतात व न रागावता विचारावे की इंजेक्शन वा गोळ्या चालू आहेत काय. रागावल्यास तो खोटे बोलेल आणि पुन्हा येणार नाही.

२. हिमोग्लोबीन व हिमॅटोक्रिट पाहिल्याशिवाय सिरावेध करू नये. हिमॅटोक्रिट ५४ च्या वर असल्यास त्याच दिवशी चिकित्सकतज्ज्ञाकडे पाठवावे. पोटरीची सूज, छातीत दुखणे, अचानक धाप, बोलण्यात वा हातापायांत जडपणा असल्यास विलंब न करता रुग्णालयात पाठवावे.

३. रक्त काढणे आवश्यक ठरलेच तर ते तज्ज्ञाच्या चिठ्ठीने, रक्तकेंद्रात वा रुग्णालयात, उपचार म्हणून नोंदवून व्हावे. असे रक्त दुसऱ्यास देण्यासाठी नसते. दान आणि उपचार या दोन गोष्टी एका पिशवीत मिसळू नयेत.

४. टेस्टोस्टेरॉन, नँड्रोलोन आदी औषधे अनुसूची ‘एच’मधील आहेत. ओळखीखातर अशा औषधांच्या चिठ्ठीवर सही करू नये आणि चिठ्ठीवाचून ती विकू नयेत. “एवढी एक सही करा ना, डॉक्टर” असे म्हणणारा उद्या आपलेच नाव सांगणार आहे.

५. वजन व स्नायू वाढविण्याच्या नावाखाली येणारी अनोळखी चूर्णे, ज्यांच्या वेष्टनावर घटकद्रव्ये, निर्मात्याचा पत्ता व परवाना क्रमांक धड नाही, ती दुकानात ठेवू नयेत. आयुर्वेदाचे नाव लावून आत संप्रेरके मिसळलेली असतील, तर बदनामी शेवटी आपल्या शास्त्राची होते.

६. आपापल्या भागातील मंडळांच्या शिबिरांत आपण पाहुणे म्हणून जातोच. तेव्हा व्यासपीठावरून दोन वाक्ये या विषयावर बोलावीत. प्रश्नावलीला खरे उत्तर देणे आणि प्रसंगी रक्तदान न करता परत जाणे, हेही दानच आहे, हे तरुणांना सांगावे.

आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच नाशिकात आहे. पंचकर्म व शल्यतंत्र या विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी रक्तवृद्धीची शास्त्रोक्त लक्षणे व हिमॅटोक्रिटची पातळी यांची तुलना हाती घ्यावी, असेही सुचवावेसे वाटते. आपले म्हणणे आकड्यांनिशी मांडल्याखेरीज आज कोणी ऐकत नाही, आणि ते योग्यही आहे.

त्या सिडकोतील तरुणाचे पुढे काय झाले, हे वाचकांस जाणून घ्यावेसे वाटेल. आम्ही त्याला तज्ज्ञाकडे पाठविले, इंजेक्शन थांबले. पहिले तीन महिने कठीण गेले. दंडाचा घेर कमी झाला म्हणून तो आमच्यासमोर रडला. सातव्या महिन्यात हिमोग्लोबीन १५.८ झाले. ती तिन्ही प्रमाणपत्रे त्याने आमच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, “ज्यांना ते रक्त गेलं, त्यांना काही झालं नसेल ना, डॉक्टर?” आम्ही त्याला तज्ज्ञांनी सांगितलेल्या सर्व चाचण्या करून घेण्यास लावले, त्या निर्दोष आल्या, हे सुदैव. ज्या रक्तकेंद्रांनी त्याचे रक्त घेतले त्यांना त्याने स्वतः जाऊन खरी हकीगत सांगितली. तसे करण्यास जे धैर्य लागले, ते कोणत्याही व्यासपीठावरील शरीरप्रदर्शनाहून मोठे होते, असे आमचे मत आहे.

त्याचा प्रश्न मात्र आमच्या मनातून जात नाही. तो त्याला पडण्याआधी आपणां सर्वांना पडावयास हवा होता. इत्यलम्.